मूल गमावलेल्या आईवडिलांसाठी: भरपाईच्या अर्जापासून व्यवस्था सुधारण्याच्या मागणीपर्यंत

मुलगा किंवा मुलगी खुनात, हल्ल्यात, अत्याचारात गेली की घरी येणारा प्रत्येक माणूस "न्याय मिळेल" असं सांगून जातो. त्यासाठी कोणत्या टेबलावर जायचं, कोणता कागद द्यायचा आणि किती दिवस थांबायचं, हे मात्र कुणीच सांगत नाही. हा लेख त्यासाठी आहे. यात महाराष्ट्रातली पद्धत दिली आहे. मूल जखमी होऊन वाचलं असेल तरी बहुतेक पायऱ्या याच आहेत.

लेखाचे दोन भाग आहेत. पहिल्या सहा पायऱ्या तुमच्या स्वतःच्या प्रकरणासाठी आहेत. सातव्यापासून पुढचं, तुमच्यासारख्या इतर कुटुंबांना बरी मदत मिळावी म्हणून उभं राहायचं असेल त्यांच्यासाठी. पहिला भाग नीट केलात तर दुसऱ्याचं निम्मं काम झालेलं असतं, कारण अधिकाऱ्यासमोर तुमचं सगळ्यात भक्कम म्हणणं म्हणजे तारखांसकट जपलेले तुमचे कागद.

एक खुलासा आधीच करतो. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. खाली दिलेली कलमं या नव्या संहितेतली आहेत. त्या तारखेआधीपासून चालू असलेले तपास आणि खटले जुन्या कायद्यानेच चालतात. तिथे भरपाईसाठी कलम ३५७अ आणि अपिलासाठी कलम ३७२ पाहा.

१. कायद्यात तुम्ही कोण आहात ते आधी समजून घ्या

मूल हयात नसेल तर त्याचे पालक किंवा कायदेशीर वारस हेच कायद्याने "पीडित" ठरतात (कलम २). फिर्याद शेजाऱ्याने किंवा पोलिसांनी स्वतः दिली असली तरी तुमचं हे स्थान जात नाही. "तुम्ही फिर्यादी नाही, तुम्हाला कागद देता येत नाहीत" असं ठाण्यात ऐकायला मिळतं. त्यावर एका वाक्याचा लेखी अर्ज द्या: "मी मयताचा वडील असून कलम २ नुसार पीडित आहे, कलम १७३ नुसार प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मिळावी." बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

मुलीचा मृत्यू सासरी झाला असेल आणि नवराच आरोपी असेल, तर इथे एक मोठी अडचण येते. वारसांच्या यादीत पहिलं नाव त्याचंच लागतं. तलाठी, बँक, विमा कंपनी, भरपाईची फाइल, सगळीकडे तो किंवा त्याचे घरचे आधी पोचू शकतात. ज्याने खून केला त्याला हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ नुसार मयताचा वारसा मिळत नाही, पण ते कोर्टात ठरायला काळ जातो. म्हणून एफआयआरची (प्रथम खबरीची) प्रत जोडून या प्रत्येक ठिकाणी लेखी हरकत ताबडतोब नोंदवा. नातवंडं तुमच्याकडे असतील तर जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात बालसंगोपन योजनेची चौकशीही त्याच आठवड्यात करा.

२. पहिल्या काही आठवड्यांत गोळा करायचे कागद

आईवडिलांनी हे स्वतः करू नये. घरातला एक शांत डोक्याचा माणूस नेमा, भाचा, दीर, मैत्रीण, कुणीही. त्याच्या हातात ही यादी द्या:

- एफआयआरची प्रत. वर गुन्हा रजिस्टर नंबर, वर्ष, कलमं आणि पोलीस ठाण्याचं नाव नीट वाचता आलं पाहिजे.
- मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल.
- मृत्यूचा दाखला, किमान दहा प्रती. मृत्यू जिथे झाला तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद होते, राहत्या गावात नाही. नोंदीची मुदत २१ दिवस.
- नात्याचा पुरावा: रेशन कार्ड, मुलाचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार.
- मुलाच्या कमाईवर घर चालत असेल तर पगाराच्या पावत्या आणि तो दरमहा घरी पैसे पाठवत होता ते दाखवणारं बँक स्टेटमेंट.
- दवाखाना, औषधं, रुग्णवाहिका, अंत्यसंस्कार यांची बिलं. साध्या कागदावरची पावतीसुद्धा ठेवा.
- अर्जदाराच्या बँक पासबुकाचं पहिलं पान आणि रद्द केलेला धनादेश.

शवविच्छेदन अहवालात मृत्यूच्या कारणाचा रकाना आधी वाचा. "मत राखीव, व्हिसेरा राखून ठेवला" असं लिहिलेलं असेल (व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने), तर कारण अजून ठरलेलं नाही, आणि अंतिम मत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावरच मिळणार. असे अहवाल रेंगाळतात. नमुने प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने गेले ते तपास अधिकाऱ्याला लेखी विचारा. नमुने ठाण्यातच पडून असतील तर ते या प्रश्नाने समोर येतं.

मुलाच्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का, तेही आत्ताच तपासा. दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि एफआयआरमध्ये घरगुती नाव, एवढ्या कारणावरून फाइली परत येतात.

मोबाइल, दागिने, गाडी या वस्तू मुद्देमाल म्हणून जप्त होतात. त्या मागायला ठाण्यात खेटे घालू नका. न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे सांभाळून ठेवण्याच्या लेखी हमीवर, परत मिळतात. मात्र मोबाइलमधला पुरावा काढून झाल्याची खात्री सरकारी वकिलांकडून केल्याशिवाय तो मागू नका.

३. एक वही, एक फाइल

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पानावर तारीख, कुणाला भेटलो, त्याचं पद, काय सांगितलं, पुढची तारीख. इतकंच.

प्रत्येक अर्ज दोन प्रतींत न्या. दुसरी तुमची स्थळप्रत. आवक विभागातला कर्मचारी त्यावर गोल शिक्का मारून देतो आणि तुम्ही समाधानाने बाहेर पडता. थांबा, शिक्का नीट बघा. शिक्क्याच्या मधोमध तारीख हवी आणि शेजारी पेनाने लिहिलेला आवक क्रमांक हवा. क्रमांक नसलेली पोच पुढे काही कामाची नसते, कारण रजिस्टरमध्ये अर्ज चढलाच नाही असं सांगता येतं. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि ट्रॅकिंगचा कागद छापून फाइलला लावा.

४. नुकसानभरपाईचा अर्ज

सगळ्यात मोठा गैरसमज असा की आरोपीला शिक्षा झाल्यावरच भरपाई मिळते. तसं नाही. कलम ३९६ नुसार प्रत्येक राज्याने पीडितांसाठी निधी आणि योजना ठेवायची आहे, आणि ही रक्कम सरकार देतं, आरोपी नाही. न्यायालय शिफारस करू शकतं. आरोपी निर्दोष सुटला तरीही करू शकतं. आरोपी सापडलाच नाही आणि खटला उभा राहिला नाही, तर तुम्ही स्वतः अर्ज करू शकता. अर्ज किंवा शिफारस आल्यावर दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करणं विधी सेवा प्राधिकरणावर बंधनकारक आहे.

अर्ज कुठे? जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथल्या सचिवांना भेटा, त्या पदावर न्यायाधीशच असतात. वकील लागत नाही. महिलांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

कोणती योजना लागू होते ते आधी ठरवून घ्या, कारण चुकीच्या फॉर्मवर केलेला अर्ज नुसता फिरत राहतो.

*बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला:* राज्याची मनोधैर्य योजना. १० लाख रुपयांपर्यंत मदत, शिवाय समुपदेशन आणि वैद्यकीय साहाय्य.

*महिला पीडित, इतर गुन्हेही:* राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१८ ची योजना. तिच्यात मृत्यूसाठी किमान ५ आणि कमाल १० लाखांचा टप्पा आहे, आणि अर्जाची मुदत घटनेपासून किंवा खटला संपल्यापासून ३ वर्षं.

*बाकी सगळे, म्हणजे मुलगा गमावलेलं कुटुंबही:* महाराष्ट्र पीडित नुकसानभरपाई योजना, २०१४. सध्याचा दरतक्ता प्राधिकरणाकडून लेखी मागून घ्या.

*पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आणि गुन्हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा:* समाजकल्याण विभागाकडून वेगळं अर्थसाहाय्य. २०१६ च्या नियमांत खुनासाठी ८ लाख २५ हजार रुपये ठरले, त्यातला निम्मा हिस्सा शवविच्छेदनानंतर आणि उरलेला दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. इथे सहायक आयुक्त, समाजकल्याण यांना भेटायचं.

अंतरिम मदत वेगळी मागा. अर्जाच्या शेवटी स्वतंत्र परिच्छेद लिहा: "अंतिम निर्णय होईपर्यंत औषधोपचार व उदरनिर्वाहासाठी अंतरिम साहाय्य मंजूर व्हावे." हा परिच्छेद नसेल तर कुणी आपणहून देत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हरियाणातलं एक प्रकरण आलं होतं, खंडणीसाठी पळवून नेलेल्या बापलेकांच्या खुनाचं. त्या घरच्यांना खालच्या कोणत्याही पातळीवर एक रुपयाही मिळाला नव्हता. न्यायालयाने स्वतःहून १० लाखांची अंतरिम भरपाई दिली आणि असा विचार करणं हे प्रत्येक न्यायालयाचं कर्तव्य असल्याचं बजावलं. त्याच्या आधी, २०१३ मध्ये, अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात, भरपाई द्यायची की नाही यावर प्रत्येक फौजदारी खटल्यात विचार करून कारणं नोंदवावीत असं ठरलं आहे. खटला संपत आला की सरकारी वकिलांना या निकालाची आठवण करून द्या.

मूल १८ वर्षांखालचं आणि प्रकरण पॉक्सोचं (बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं) असेल तर विशेष न्यायालय कोणत्याही टप्प्यावर अंतरिम भरपाई देऊ शकतं, आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत रक्कम द्यायची असते. बालकल्याण समितीकडे सहाय्यक व्यक्तीही मागा. ती मुलासोबत ठाण्यात, दवाखान्यात आणि कोर्टात येते.

फाइल अडते ती बहुतेक वेळा फुटकळ कारणांवर. खातं मुलासोबतचं संयुक्त असतं आणि मृत्यूनंतर गोठलेलं असतं. विलीनीकरणात बँकेचा आयएफएससी कोड बदललेला असतो. पोलिसांचा अहवाल प्राधिकरणाने मागवलेला असतो, पण ठाण्यातून गेलेला नसतो. हे शेवटचं कारण सर्वात जास्त वेळ खातं. प्राधिकरणाच्या पत्राचा जावक क्रमांक मिळवा आणि तो घेऊन स्वतः ठाण्यात जा.

रक्कम मंजूर झाली तरी पूर्ण हातात येत नाही हेही माहीत असू द्या. महिलांच्या २०१८ च्या योजनेत ७५ टक्के रक्कम किमान तीन वर्षं मुदत ठेवीत जाते आणि २५ टक्के लगेच वापरता येते. घराचं कर्ज फेडायचा हिशोब त्यानुसार करा. रक्कम कमी वाटली किंवा अर्ज फेटाळला तर याच योजनेत ३० दिवसांत राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे अपील करता येतं.

५. तपास आणि खटल्यात तुमची जागा

तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत तुम्हाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे (कलम १९३). त्याच ९० दिवसांत आणखी एक धोका असतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपीच्या कोठडीचे ९० दिवस उलटेपर्यंत दोषारोपपत्र गेलं नाही, तर त्याला जामिनाचा हक्कच मिळतो. इतर गुन्ह्यांत ही मुदत ६० दिवस. ९० दिवसांच्या प्रकरणात कॅलेंडरवर ७५ व्या दिवसावर लाल पेनाने खूण करून ठेवा आणि त्या दिवशी तपास अधिकारी व पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त, दोघांना लेखी विचारणा करा.

जामिनाच्या सुनावणीत तुम्हाला म्हणणं मांडता येतं. उत्तर प्रदेशात शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या लखीमपूर खेरी प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीडिताला प्रत्येक टप्प्यावर ऐकलं पाहिजे असं स्पष्ट केलं आहे. सरकारने खटला मागे घ्यायचा ठरवलं तरी तुम्हाला ऐकल्याशिवाय परवानगी मिळत नाही (कलम ३६०).

स्वतःचा वकील लावता येतो, पण त्याची भूमिका सरकारी वकिलांना मदत करण्याची असते. तो स्वतंत्रपणे उलटतपासणी घेऊ शकत नाही. "आमचा वकील आरोपीला सोडणार नाही" या आशेवर मोठी फी भरून बसलेली कुटुंबं पहिल्याच तारखेला खचतात. वकिलाकडून प्रश्न लिहून घ्या आणि ते सुनावणीच्या आधी सरकारी वकिलांकडे पोचवा, तेवढं त्याचं काम मोलाचं असतं. तुमच्या वतीने वकील हजर असेल तर दोषारोपपत्राच्या प्रतीही तुम्हाला मिळतात (कलम २३०).

तपासादरम्यान पोलिसांसमोर दिलेल्या जबाबावर सही करायची नसते. कुणी मागितली तर नम्रपणे नकार द्या.

तारखा कळण्यासाठी खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर (ओळख) क्रमांक घ्या आणि ई-कोर्ट्स ॲपमध्ये टाका. निकालाच्या दिवशीच नक्कल विभागात प्रमाणित प्रतीचा अर्ज करा. आरोपी सुटला, कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी दिली, तर कलम ४१३ नुसार तुम्हाला स्वतः अपील करता येतं. सरकार अपील करतंय का, याची वाट बघत महिने घालवू नका.

६. धमक्या आल्या तर

२०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू आहे. अर्ज जिल्ह्याच्या सक्षम समितीकडे करायचा. तिचे अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात. पोलिसांनी धोक्याचा अहवाल पाच कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. अर्जात "आम्हाला भीती वाटते" एवढं पुरत नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवरून, कोणत्या शब्दांत धमकी आली ते लिहा, स्क्रीनशॉट जोडा आणि मूळ मेसेज मोबाइलवर तसाच राहू द्या. तडजोडीचा निरोप घेऊन येणारा नातेवाईक हाही दबावच. त्याचीही वहीत नोंद करा.

७. बोलण्याआधी: नाव, फोटो, मुलाखत

आता दुसरा भाग, आणि त्यातली सर्वात महाग पडणारी चूक आधी सांगतो. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मुलीचं नाव, फोटो, शाळा, गल्ली, ओळख पटेल असं काहीही बॅनरवर किंवा समाजमाध्यमांवर टाकणं गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद आहे. ती हयात नसली तरी हे लागू असतं. आईवडिलांची संमती आहे म्हणून ओळख उघड करता येत नाही, त्यासाठी सत्र न्यायालयाची मान्यता लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१८ ला ठरवलं आहे. मेणबत्ती मोर्चाचे फ्लेक्स छापणाऱ्या मंडळांना हे माहीत नसतं. छपाईआधी मजकूर स्वतः बघा. तुमचं स्वतःचं नाव आणि गाव छापलं तरी तिची ओळख पटते, हेही लक्षात असू द्या.

दुसरी चूक मुलाखतींची. तुम्ही खटल्यात साक्षीदार असाल तर कॅमेऱ्यासमोर घटनेचं वर्णन करू नका. टीव्हीवर "साडेआठला फोन आला" म्हणालात आणि जबाबात नऊ असेल, तर बचाव पक्षाचा वकील ती फीत उलटतपासणीत काढतो. पत्रकाराला मदतीतल्या त्रुटींबद्दल मोकळेपणाने सांगा: अर्ज कधी दिला, किती दिवस झाले, काय उत्तर आलं. घटनेबद्दल एकच वाक्य ठरवून ठेवा: "प्रकरण न्यायालयात आहे."

८. आपली तक्रार एका मागणीत बसवा

"पीडितांना न्याय द्या" ही मागणी कोणत्याही अधिकाऱ्याला मान्य असते, म्हणूनच तिच्यावर काही होत नाही. वही उघडा आणि सर्वात जास्त दिवस कुठे गेले ते मोजा. तिथेच तुमची मागणी आहे. मग ती कुणाच्या हातातली आहे ते ठरवा. भरपाईचे दर वाढवणं राज्य सरकारच्या हातात. पोलीस अहवाल किती दिवसांत जावा याचं परिपत्रक पोलीस अधीक्षक काढू शकतात. कोर्टात आरोपीच्या नातेवाइकांसोबत एकाच बाकावर बसावं लागतं, हा प्रश्न प्रधान जिल्हा न्यायाधीशांचा. या शेवटच्या मागणीला भक्कम आधारही आहे: ११ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र साक्ष केंद्र असावं असा आदेश दिला. तुमच्या जिल्ह्यात ते आहे का, आणि असेल तर वापरात आहे की कुलूप लावून ठेवलंय, ते जाऊन बघा.

नेमक्या मागणीने काय होतं याचं उदाहरण राजेंद्र काचरू यांचं. २००९ मध्ये त्यांचा वैद्यकीय शाखेत शिकणारा मुलगा रॅगिंगमधल्या मारहाणीत गेला. त्यांनी दोषींच्या शिक्षेसोबत मोजता येतील अशा गोष्टी लावून धरल्या: देशभराची एक हेल्पलाइन, विद्यार्थी आणि पालकांची प्रतिज्ञापत्रं. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी विनियम आले आणि हेल्पलाइन सुरू झाली. ती प्रतिज्ञापत्रं आजही प्रवेशाच्या वेळी भरावी लागतात.

९. माहिती अधिकारातून आकडे मिळवा

एका कुटुंबाचा अनुभव अपवाद म्हणून बाजूला ठेवता येतो, जिल्ह्याचा आकडा ठेवता येत नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. राज्य शासनाच्या कार्यालयांसाठी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. न्यायालय किंवा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज असेल तर शुल्काची पद्धत तिथे विचारून घ्या. प्रश्न असे ठेवा:

"मागील तीन आर्थिक वर्षांत, वर्षनिहाय: (१) पीडित नुकसानभरपाईसाठी आलेले अर्ज व न्यायालयीन शिफारशींची संख्या, (२) दोन महिन्यांत निर्णय झालेल्यांची संख्या, (३) प्रलंबित संख्या, (४) अंतरिम साहाय्य दिलेल्यांची संख्या, (५) मंजूर रक्कम व प्रत्यक्ष खात्यात जमा झालेली रक्कम, (६) वर्षअखेरीस शिल्लक निधी."

पाचव्या प्रश्नाचं उत्तर आधी वाचा. मंजुरी आणि जमा यांच्यातली तफावत हाच बहुधा तुमच्या निवेदनाचा मथळा होतो.

कुणाची नावं मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून नकार येतो. "का दिलं नाही?" असंही विचारू नका, कारणं विचारणं या कायद्यात बसत नाही. त्याऐवजी "त्याबाबतच्या टिपणीची प्रत द्या" असं लिहा. स्वतःच्या प्रकरणाच्या चालू तपासाचे कागद या मार्गाने सहसा मिळत नाहीत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. अपिलाला २० रुपयांचा स्टॅम्प.

१०. निवेदन

एक पान. वर विषय एका ओळीत. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण, तीन वाक्यांत. दुसऱ्यात आकडा आणि कलम. तिसऱ्यात मागणी, मुदतीसह: "पोलीस ठाण्यांनी भरपाई प्रकरणातील अहवाल १५ दिवसांत पाठवावा असे परिपत्रक काढावे." खाली सह्या आणि जोडपत्रांची यादी. मुलाबद्दल लिहावंसं वाटणं साहजिक आहे. ते वेगळ्या पानावर लिहा आणि भेटीत स्वतःच्या तोंडून सांगा.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, पण न्यायप्रविष्ट बाबी तिथे घेत नाहीत. म्हणून मांडायचा तो खटला नव्हे, प्रशासनाचा उशीर. आमदारांकडे जाताना तयार प्रश्न लिहून न्या. अधिवेशनाच्या आधी तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचनेसाठी त्यांच्या कार्यालयाला मजकूर हवाच असतो, आणि सभागृहात मंत्र्यांनी दिलेलं आश्वासन नोंदीत जातं. त्या उत्तराची प्रत मागून घ्या.

सरकारने एखादी समिती नेमून सूचना मागवल्या तर मुदत अगदी थोडी असते. दिल्लीतल्या १६ डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती २३ डिसेंबरला नेमली गेली आणि २३ जानेवारी २०१३ ला अहवाल आलाही. महिन्याभरात सुमारे ८० हजार सूचना समितीकडे गेल्या. एक पानाचं टिपण ज्यांच्याकडे तयार असतं, त्यांचंच म्हणणं अशा वेळी पोचतं.

११. इतर कुटुंबांसोबत

पाच-सहा कुटुंबं एकत्र आली की निवेदनाला वजन येतं. सुरुवातीला नोंदणीची घाई नको. देणग्या घ्यायच्या ठरल्या तरच संस्था नोंदवा. त्यासाठी किमान सात सदस्य लागतात आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयात जावं लागतं. तोवर कुणाकडूनही पैसे घेऊ नका. मृत मुलांच्या नावावर पैसे गोळा करतात, हा एकच आरोप सगळं काम थांबवतो.

नव्या कुटुंबाला घटनेनंतर लगेच मोर्चात बोलावू नका. आधी त्यांच्या घरी जा, वरच्या यादीतले कागद मिळाले का बघा, एखादा अर्ज लिहून द्या. घटना काय झाली ते विचारू नका. त्यांना सांगायचं असेल तेव्हा ते सांगतील. वाचलेल्या मुलीला किंवा मुलाला व्यासपीठावर बसवण्याआधी, पालकांची संमती असली तरी, त्या मुलाला एकट्याला विचारा, आणि "नाही" म्हणायची सोय शेवटच्या मिनिटापर्यंत ठेवा.

प्रत्येक भेटीत दोन नंबर लिहून द्या: मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६ आणि महिलांसाठी १८१. मुलींसाठी आणि महिलांसाठी जिल्ह्यातलं सखी वन स्टॉप सेंटर निवारा, वैद्यकीय मदत आणि समुपदेशन एकाच ठिकाणी देतं. तिथे आधी स्वतः जाऊन रात्री कोण असतं ते विचारून या.

कामं वाटून घेताना ज्या आईवडिलांची साक्ष येत्या दोन महिन्यांत आहे, त्यांना बैठका आणि पत्रकार यांच्यापासून पूर्ण सुट्टी द्या. साक्षीच्या दिवशी मात्र त्यांच्यासोबत कोर्टात दोघांनी जायचं: एकाने डबा, पाणी आणि औषधांची पिशवी सांभाळायची, दुसऱ्याने बोर्डावर प्रकरणाचा क्रमांक बघत राहायचं. साक्षीदार असलेली इतर मंडळी त्या वेळी कोर्टरूमच्या बाहेरच थांबतील, एवढं मात्र आधी ठरवून घ्या.